पन्नासची गोण

नामपूरच्या मार्केटात त्या काळी कांद्याची गोण म्हणजे शंभर किलो. शंभर हे आपलं म्हणायला. बायका पाट्यांनी बारदान भरायच्या, मग शेठचा माणूस वर चढून पायानं कांदा दाबायचा, आणि तोंड शिवेपर्यंत गोणीत आणखी दहा-बारा किलो बसलेले असायचे. ती गोण पाठीवर घ्यायची आणि लवलवत्या फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. तिथं नऊ-नऊ गोण्यांची थप्पी लावायची. यादव हे काम बोलत बोलत करायचा. फळीच्या मध्यावर थांबून खालच्या माणसाला तंबाखू मागायचा. मोसम नदीच्या काठच्या चार गावांत त्याच्यासारखा हमाल नव्हता, आणि ही गोष्ट त्यालाही ठाऊक होती.

त्याच्याच टोळीत भिकन होता. राहायलाही त्याच गल्लीत, तीन घरं सोडून. नववी नापास झालेला, मान लांब, छाती आत गेलेली. बाकीच्यांच्या दहा खेपा व्हायच्या तेव्हा भिकनच्या सात. उरलेल्या तीन यादव आपल्या दहा झाल्यावर उचलायचा. त्यावर टोळीत कुणी कधी शब्द काढला नाही, कारण दुपारी लिंबाखाली भाकरी सुटली की भिकन पानटपरीवरचा आदल्या दिवशीचा पेपर वाचून दाखवायचा. दिल्लीत कोण पडलं, मुंबईत कुठली गिरणी बंद झाली, सगळं. यादवला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण भिकननं वाचलेलं त्याला महिनाभर आठवायचं.

एक्क्याण्णव सालचा वैशाख होता. उन्हाळ कांद्याची आवक अशी, की यार्डात पाय ठेवायला जागा नाही. मोतीराम शेठच्या खळ्यावर, म्हणजे कांदा निवडायच्या पत्र्याच्या शेडसमोर, ट्रक लागला होता. फळीचं खालचं टोक विटेवर टेकवलेलं. यादव अर्ध्यावर गेला आणि वीट फुटली. तो पडला तो कुशीवर, आणि गोण त्याच्या कमरेवर. पत्र्याखाली कांदा निवडणाऱ्या बायकांत त्याची बायको सखुबाई होती. तिला आधी गोणीचा आवाज आला, मग कुणीच काही बोलेना, तेव्हा ती उठली.

शेठ म्हणाला, "माणूस मुकादमाचा आहे. मला काय विचारता?"

मुकादम म्हणाला, "फळी ट्रकवाल्याची."

ट्रकवाला म्हणाला, "गोण शेठची."

तोवर भिकननं कुणाची तरी जीप थांबवून यादवला मालेगावला नेलंही होतं.

डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं आणि तीन महिने पाठीवर पडून राहायला सांगितलं. मणका चेपला होता. वर्षभराची लेक दीपमाला खळ्याच्या दोन खांबांना झोळी बांधून त्यात झोपायची आणि सखुबाई उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत कांदे निवडायची. मोठा, मध्यम, बारीक गोल्टी, त्याहून बारीक चिंगळी. घरी यायची तेव्हा तिचे डोळे लाल असायचे. ते कांद्यानं की कशानं, हे यादवनं विचारलं नाही.

पाचव्या आठवड्यात भिकन आला. खाटेशेजारी उकिडवा बसला. घरात, गल्लीत ही माणसं अहिराणीच बोलायची.

"तुले यार्डात लई जावानं शे," तो म्हणाला.

"कसाले?"

"बठ्ठा देखतीन. मी सांगीसन कोन ऐकस? गोण पन्नासनी कराले लावानी शे."

यादव हसला. हसल्यावर कमरेत कळ आली. "पन्नासनी? पन्नासनी गोण ते बाया उचलतीन. मानसंनी काय करानं?"

"तुनासारखं पडी ऱ्हावानं नही, इतलंच करानं."

यादवला ते झोंबलं. सगळा यार्ड ज्याच्या पाठीकडं बघत राहायचा, त्यानं आता खाटेवर पडून लोकांना काय दाखवायचं? "मनी लाज जाई, भिकन," तो हळूच म्हणाला.

"तुनी पाठ ती मनी पाठ शे. तू नुसता पडी ऱ्हाय. बोलानं मी देखस."

चौघांनी खाट उचलली आणि यार्डाच्या फाटकात ठेवली. त्या दिवशी हमालांनी गोणीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर दूरवर उभे राहिले. उन्हात कांदा घामेजला, वास सुटला. शेतकरी शिव्या द्यायला लागले, आणि त्यांचं तरी काय चूक होतं? एक म्हातारा शेतकरी चाबूक घेऊन तरातरा फाटकाशी आला. भिकननं त्याला अडवलं नाही. म्हातारा खाटेवर वाकला, प्लास्टरवर बोटानं टकटक वाजवून पाहिलं आणि विचारलं, "किती होती गोण?"

"एकशेदहा व्हई," यादव म्हणाला.

म्हातारा गाडी वळवून घरी गेला. त्याच्यामागं आणखी पाच-सहा गाड्या वळल्या.

बाराव्या दिवशी व्यापाऱ्यांनी कागदावर सह्या केल्या. नामपुरात इथून पुढं पन्नासची गोण. पहिली गोण भिकननं पाठीवर घेतली आणि तो फळीवरून चक्क पळत वर गेला. वर गेल्यावर काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून तो तीच गोण घेऊन पळत खाली आला. हमालांनी शिट्ट्या वाजवल्या. यादव खाटेवर पडल्या पडल्या इतका हसला, की सखुबाईनं त्याच्या प्लास्टरवर हात दाबून धरला.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं यादवला पुढं जन्मभर आठवत राहिली. प्लास्टर निघालं, पण पाठ सरळ झाली नाही. कमरेच्या वर मुठीएवढं टेंगूळ आलं आणि धड पुढं वाकलं. ओझं सुटलं ते कायमचं. पण भिकनची संघटना उभी राहिली, एक जुनी जीप आली आणि यादव त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसू लागला. बारकू ड्रायव्हर, मधे यादव, कडेला भिकन. सटाणा, मनमाड, लासलगाव, नांदगाव. जिथं हमाल तिथं सभा. जीपला पहिला गिअर पडायचा नाही, म्हणून चढावर सगळे उतरून ढकलायचे आणि यादवला आतच बसवून ठेवायचे. "पुढारी बसेल शे, ढकला," असं भिकन ओरडायचा.

भिकन वाटेत भाषणाची तयारी करायचा. घरची अहिराणी बाजूला ठेवून छापील मराठी. "मित्रहो" म्हणताना त्याची मान आणखी लांब व्हायची. बारकू मुद्दाम खड्ड्यातून जीप घालायचा आणि 'मित्रहो'चं 'मित्रहोहोहो' व्हायचं. नांदगावला स्टेशनबाहेर मिरचीची भजी खायची, पाणी प्यायचं, मग सभा. सभेत भिकन बोलायचा आणि एका जागी येऊन थांबायचा. "हा आमचा यादव," असं म्हणायचा. यादव उठायचा, लोकांकडं पाठ करायचा आणि सदरा वर धरायचा. गर्दीतून श्वास ओढल्यासारखा आवाज यायचा. यादव सदरा सोडायचा आणि बसायचा. तो एक शब्दही बोलायचा नाही. त्याला कुणी बोल म्हटलंही नाही.

सुरुवातीला कान तापायचे. मग सवय झाली. मनमाडलाही गोण पन्नासची झाली, लासलगावच्या हमालांनीही मागणी लावून धरली, तेव्हा यादवला वाटू लागलं, पूर्वी आपली पाठ एका वेळी एक गोण उचलायची, आता हजार माणसांची उचलते. त्याला मजा वाटायची. परत येताना भिकन त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपायचा. झोपेत लाळ गळायची. यादव हलायचा नाही.

भिकन आधी बाजार समितीत हमालांच्या जागेवर निवडून गेला. मग सत्त्याण्णव साली जिल्हा परिषदेला उभा राहिला. मतदानाच्या आधी नाशिकला मोठा कामगार मेळावा होता. नामपुराहून दोन ट्रक भरून माणसं गेली. सखुबाईनं पहिल्यांदाच नाशिक पाहिलं. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली.

स्टेज उंच होतं. यादव उठला, त्यानं पाठ फिरवली, सदरा वर घेतला. खालून फोटोवाला म्हणाला, "काका, जरा आणखी वाका. टेंगूळ नीट येत नाहीये." यादव वाकला. "आणखी थोडं." यादव आणखी वाकला. तसा वाकलेला असतानाच त्याला वरून भिकनचा आवाज ऐकू आला.

"मित्रहो, हा माणूस खाटेवर पडला होता तेव्हा याची बायको, आमची वहिनी, लेकराला कडेवर घेऊन नामपूरच्या दारोदार भीक मागत फिरत होती!"

मैदानात हळहळ पसरली. यादवनं दोन पायांच्या मधून, उलटं, सखुबाईला पाहिलं. ती उठून उभी राहिली होती. शेजारच्या बायकांनी तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवला, कडेकडेनं चालत ती ट्रकपाशी गेली आणि परत निघेपर्यंत ट्रकच्या सावलीत बसून राहिली.

घरी आल्यावर ती चुलीपुढं बसली. काड्या ओल्या होत्या, धूर झाला.

"मी कोनापुढं हात पसरना का?" तिनं विचारलं.

"नही."

"चौदा चौदा तास कांदा निवडा मी. बोटंसनी कातडी निंघी गयी, तरी कोनाकडे वाटीभर पीठ मांगं नही. तुम्हले माहीत व्हतं ना?"

"माहीत व्हतं."

"मंग तठे वाकी का ऱ्हायनात?"

सकाळी यादव भिकनच्या ओट्यावर गेला. तिथं तालुक्याची माणसं बसली होती, चहा चालू होता. यादवनं त्याला बाजूला बोलावून सांगितलं. भिकन ऐकत होता, पण डोळे दारातल्या गाडीकडं होते.

"लोकांना भिडायला लागतं हो, यादवराव," तो म्हणाला. "त्यात वहिनींचा अपमान करायचा हेतू नव्हता. मोठ्या कामासाठी थोडं इकडं-तिकडं होतंच."

बोलणं सगळं छापील मराठीत. आणि यादवराव! पंधरा वर्षांत त्यानं यादवला राव लावला नव्हता. यादव म्हणाला, "मी आते येवाव नही," आणि घरी आला.

भिकन निवडून आला. मिरवणूक गल्लीतून गेली, गुलाल यादवच्या दारापर्यंत उडाला. सखुबाईनं झाडून काढला.

पण खरं ते खरं सांगायला हवं. भिकननं कामं केली. हमालांची नावं माथाडी मंडळात लावून घेतली, यार्डात दवाखान्याची खोली बांधली, उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टाकी आणली. यादवला वजनकाट्यावर बसायचं काम मिळालं, बसून करायचं, पाठीला झेपेल असं. भरलेल्या गोण्यांतली एखादी काट्यावर टाकायची आणि पन्नास आहे की नाही बघायचं. ते कुणाच्या सांगण्यावरून मिळालं हे यादवनं विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. दोन हजार दोनला भिकन जिल्हा परिषदेत सभापती झाला. नाशिकला राहायला गेला. महिन्या-दोन महिन्यांनी त्याची पांढरी गाडी यार्डातून जायची. काच अर्धी खाली व्हायची, आतून हात वर व्हायचा. यादवही काट्यावरून हात वर करायचा. दहा वर्षं दोघांत तेवढंच चाललं. कधी कधी रिकाम्या दुपारी यादवला जीप आठवायची, खांद्यावरची लाळ आठवायची, आणि तो उगाच काट्याचं पातं पुसत बसायचा.

दोन हजार सातला भिकन पडला. थोड्याथोडक्या मतांनी नाही, चांगला आपटला. पक्षानं दुसरा माणूस धरला, गाडी गेली. साखरेच्या दुखण्यानं पाय सुजलेले घेऊन तो नामपूरच्या जुन्या घरी परत आला.

त्याच उन्हाळ्यात काट्यावर गोण अठ्ठावन्न भरली. दुसरी साठ. आठवड्यानं बासष्ट. यादवनं संघटनेच्या नव्या पोरांना सांगितलं. ती म्हणाली, "आबा, गाडी लवकर भरते. आम्ही उचलतो ना, तुम्हाला काय?" आणि खरंच उचलत होती. पण जीवन नावाचा एक तरुण हमाल फळीवरून उतरला की दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान वर करून उभा राहायचा. तसं उभं राहणं यादवला चांगलं माहीत होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं काट्याची खोली बंद केली आणि तो भिकनच्या घरी गेला.

भिकन ओट्यावर पाय पाटावर ठेवून बसला होता. ओटा रिकामा होता.

"गोण बासष्टनी व्हयनी," यादव म्हणाला.

"मी आते कोन शे, यादव?" भिकनच्या तोंडून अहिराणी आली तसा यादव शेजारी टेकला.

"व्हता तोच शे."

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकात सभा ठेवली. सात माणसं आली, त्यातली दोन एस.टी.ची वाट बघत होती. भिकन 'मित्रहो' म्हणाला आणि थांबला. पुढं त्याला काही सुचेना. त्याला चक्कर आली तेव्हा यादवनं त्याचा हात धरून त्याला जवळच आपल्या घरी नेलं.

सखुबाई जेवणाच्या सुट्टीत खळ्यावरून घरी आली होती. तिनं भिकनला पाहिलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, बाजरीची पातळ भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी वाढली. त्याचं जेवण होऊ दिलं. मग म्हणाली, "भाऊ, गोण कोन भरस?"

भिकनला कळेना.

"गोण आम्ही बाया भरतस. तुम्ही नुसती उचलतस. आम्ही पन्नासवर हात थांबाडा ते साठ कसी व्हई? सोळा वरीस लढनात, पन एक बाईले तरी विचारं का तुम्ही? संघटनामा एक तरी बाईनं नाव शे का?"

भिकननं यादवकडं पाहिलं. यादवनं खाली पाहिलं. दोघांनाही हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

"मी बायांना सांगस," सखुबाई म्हणाली. "त्या मनं ऐकतीन. पन आधी तुम्ही खळावर चला. नासिकले मनाबद्दल जे बोलनात, ते तठे बायांपुढं दुरुस्त करा."

उन्हात तिघं निघाले. पुढं सखुबाई, मागं वाकलेला यादव, त्याच्या खांद्यावर हात टाकून सुजल्या पायांचा भिकन. खळ्यावर चाळीस बायका कांद्याच्या ढिगाभोवती बसलेल्या. भिकनला बघून त्यांनी पदर सारखे केले, कुणीतरी बसायला गोणपाट झटकलं. तो बसला नाही. इथं 'मित्रहो' नव्हतं.

"नासिकनी सभामा मी खोटं बोलनू," तो म्हणाला. "सखुवहिनीनी कधी भीक मांगी नही. यादव पडेल व्हता तवय ती आठेच, या खांबले झोळी बांधीसन कांदा निवडी ऱ्हायनी व्हती. मी रोज देखे. माले माहीत व्हतं, तरी मी बोलनू. टाळ्या पडतीन म्हनीसन बोलनू."

यशोदाबाई नावाची म्हातारी, जी यादव पडला त्या वर्षीही शेजारच्याच पाटावर बसून निवडायची, म्हणाली, "आमले माहीतच व्हतं, भाऊ. तूच इसरी गयता." बायका हसल्या. सखुबाई हसली नाही, पण तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

त्या दुपारपासून पाट्या मोजून पडू लागल्या. गोण पन्नासला आली की बाई हात झटकायची आणि पुढची गोण ओढायची. शेठचा माणूस आरडला, मुकादम आरडला. दुसऱ्या खळ्यावर बातमी गेली, तिथंही तेच. दोन दिवस शेठ लोकांनी बाहेरून बायका आणून पाहिल्या. त्या यशोदाबाईच्या नात्यातल्याच निघाल्या. चौथ्या दिवशी सगळ्या यार्डात गोण पन्नासची. ना खाट, ना सभा. तरुण हमाल आधी वैतागले, मग गप्प झाले, मग जीवन एके दिवशी काट्यापाशी येऊन यादवला तंबाखू देऊन गेला.

भिकन रोज खळ्यावर यायला लागला. वही घेऊन बायकांची नावं संघटनेत घालायचा. 'यादवची सखू' असं त्यानं पहिलं नाव लिहिलं, तर सखुबाईनं ते खोडायला लावलं आणि स्वतःचं पूर्ण नाव, बापाच्या गावासकट, सांगितलं. लिहून झालं की तो तिथंच बसून राहायचा, हातानं गोल्टी वेगळी काढायचा, बायका त्याला चुकीची काढली म्हणून रागवायच्या. केसांत कांद्याची सालं अडकलेली असायची. यादवनं त्याला हारात पाहिलं होतं, गाडीत पाहिलं होतं. पण यादवला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, भिकन चांगला दिसायचा तो त्या दोन वर्षांतच.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात भिकन गेला. यार्ड एक दिवस बंद राहिला. शोकसभेला नाशिकहून मोठी माणसं आली आणि जो तो 'कामगारांचा कैवारी' म्हणून खाली बसला. शेवटी कुणीतरी यादवचं नाव पुकारलं. यादव स्टेजवर चढला. सवयीनं लोकांकडं पाठ करायला निघाला आणि मधेच थांबला. मग फिरला. माइक त्याच्या वाकलेल्या तोंडाला पोचत नव्हता, तो बारकूनं खाली केला.

"भिकन पहिला दिवस यार्डात उना," यादव म्हणाला, "तवय लगीनना सदरा घालीसन उना व्हता."

मागच्या जुन्या हमालांतून हसू फुटलं. पुढच्या खुर्च्यांवरची मोठी माणसं एकमेकांकडं बघू लागली.

"रेशमी. पिवळा. म्हने, नोकरीना पहिला दिवस शे. बारा वाजाले तो खांद्यावर फाटी गया. माले म्हने, यादव, घर सांगू नको. बायको मारी. मी मना सदरा काढीसन त्याले दिधा आनि दिवसभर उघडा गोण्या उचल्यात..."

तो सांगत गेला. पावसाची सर आली, पत्र्यावर आवाज झाला, तरी कुणी उठलं नाही. अर्ध्या तासानं बायकांतून सखुबाईचा आवाज आला, "पुरे, बसा आते. पाठ दुखी."

"थांब ना," यादव माइकमधूनच म्हणाला. "आते ते कोठे सुरू व्हयनं."